आत्याबाई, चुडा कुणी भरायचा?

प्रिय आत्याबाई,

आपल्या घरातून तुला पत्र लिहिणारा मीच पहिला असेन. तू जाऊन शंभरावर वर्षं झाली, आणि मलाही लिहायची सवय नाही. दहावीत गणिताला आपटलो तो परत शाळेकडे फिरकलोच नाही. तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

आज रविवार. इथं सिंगापुरात, यिशुनला, एका ब्लॉकच्या खाली मोकळ्या जागेत सिमेंटचं टेबल आहे, त्याच्यावर बुद्धिबळाचा पट कोरलेला, तिथं बसून लिहितोय. कामगारांच्या डॉर्मच्या खोलीत लिहिता येत नाही, तिथं कुणीतरी सारखे व्हिडिओ लावतं. सकाळी काकांचा फोन आला. माझं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात गावी जायचंय. काका म्हणाले, "चुडा नंदा भरेल. तुझ्या आईला सांगितलंय मी, तिचं काही म्हणणं नाही."

नंदा म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. तिच्या हातून भरता भरता निम्म्या बांगड्या वाढतात. आणि माझी आई, जिनं पेठेतल्या कितीतरी पोरींना चुडा भरला, तिनं स्वतःच्या सुनेच्या हाताला हात लावायचा नाही. का, तर मागच्या वर्षी माझे वडील गेले.

फोन ठेवला आणि मला पहिली तू आठवलीस. म्हणून तुझ्याशीच भांडायला बसलोय. दुसऱ्या कुणाशी भांडलो की तो फोन कट करतो. तुला ते जमायचं नाही.

मी कोण ते सांगतो. तुझ्या भावाच्या वंशातला, सागर. मी, माझे वडील, त्यांचे वडील, सगळे तुला आत्याबाईच म्हणत आलो. नातं मोजत बसलं तर तुला नेमकं काय म्हणायचं ते कुणालाच सांगता येणार नाही. आईला मी अगंतुगं करतो, म्हणून तुलाही करतोय. राग मानू नकोस. मानलास तरी मान.

तू कोण होतीस हे आम्हाला घरात कुणी सांगितलंच नाही. लग्नघरात तुझं नाव काढायचं नाही, एवढंच माहीत. एखादी पोर रिकाम्या हातांनी उंबऱ्यात बसली की म्हाताऱ्या बायका तिच्या अंगावर जायच्या, आत्याबाईसारखी काय बसलीस, ऊठ. लहानपणी मला वाटायचं तू भूत असशील. तू पुस्तक लिहिलंस हे कळायला मला सिंगापूरला यावं लागलं, आणि तेसुद्धा लोकांचे एसी धुवायला.

मी खूप ठिकाणी फिरलो आत्याबाई. भोसरीला कारखान्यात प्रेसवर होतो, मग सुरतेला, मग मुंबईला गोदीत. कुठंच मन लागलं नाही. इथं एसी बसवायच्या आणि धुवायच्या कंपनीत लागलो. आमचा सुपरवायझर मुरुगन, तमिळ माणूस, मला रॉकेट म्हणतो, कारण मी एका जागी टिकत नाही. तर एकदा सेंगकांगला एका कॉन्डोत, म्हणजे पैसेवाल्यांच्या सोसायटीत, काम होतं. मी शिडीवर, फोन स्पीकरवर, आणि आई गावाकडून ओरडतेय, जेवलास का न्हाई, नुसता भात खाऊ नगंस. खालून त्या घरच्या बाईंनी विचारलं, "कुठल्या गावचे हो तुम्ही?"

मेधाताई त्यांचं नाव. मूळच्या पुण्याच्या, बँकेत कॉम्प्युटरचं काहीतरी मोठं काम करतात. मी मॅडम म्हणायला लागलो तर म्हणाल्या ताई म्हण. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. त्यांच्या हातात मी दिलेला फिल्टर होता, तो घेऊन त्या तशाच उभ्या. मग आतून लॅपटॉप घेऊन आल्या. "ही बाई तुझी कोण लागते?"

पडद्यावर एका जुन्या पुस्तकाचं पान होतं. 'पेठेची हकीकत'. खाली तुझं नाव, गोदूबाई, आणि त्याच्यापुढं कासारीण. कुठल्याशा परदेशी लायब्ररीनं ते स्कॅन करून ठेवलंय म्हणे. जुन्या काळच्या बायकांनी लिहिलेलं शोधून वाचायचा मेधाताईंना नाद आहे. त्या तुला कितीतरी महिने वाचत होत्या. मी तुझ्या घरातला, आणि गोदूबाई हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी मला वाचून दाखवलं. तुझं मराठी मला निम्मं कळलं नाही, ते त्यांनी सोपं करून सांगितलं. खालून मुरुगन हॉर्न वाजवत होता. वाजवू दिला.

तुझ्या वडलांचं दुकान पेठेत, मारुतीला लागून. हिशेब मोडी लिपीत. मास्तर तुझ्या भावाला शिकवायला यायचे, आणि तू मागं बसून शिकलीस. हातही तुझ्या आईसारखा तयार झाला, मनगट बघून माप सांगायचीस. मग लग्न झालं, आणि तू कळती व्हायच्या आधीच नवरा पटकीनं गेला. सासरच्यांनी परत पाठवलं. भावाच्या घरी आलीस खरी, पण दुकानात बसायची चोरी. पांढऱ्या कपाळाच्या बाईकडून बांगड्या भरून कोण घेणार?

एकच काम तुला राहिलं. पेठेत कुणाचा नवरा गेला की तुला बोलावणं यायचं. विधवेच्या बांगड्या विधवेनंच काढायच्या. ज्या घरी आईबरोबर जाऊन तू नवरीचा हात धरला होतास, त्याच घरी, त्याच हातातून.

आणि तिथंच बसून तू इतिहास गोळा केलास. नव्या विधवेला कोपऱ्यात बसवलेलं असायचं. तिच्याजवळ जायला सवाशिणी घाबरायच्या, तुला कसली भीती? तू तिला विचारायचीस, तुझा माणूस काय काम करायचा, त्याचा बाप कुठून आला, दुष्काळात तुम्ही काय खाल्लंत, बंडाच्या साली घरातून कोण गेलं आणि परत कोण आलं नाही. त्या रडत रडत सांगायच्या. त्यांचं ऐकायला दुसरं कोण होतं? घरी येऊन तू ते लिहून काढायचीस.

मेधाताई म्हणाल्या, हे फार मोठं काम आहे. तेव्हा इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनदा. तुझ्या पुस्तकात पेठेची विहीर कुणी खणली, कुठल्या वर्षी लोकांनी रताळ्याचे वेल उकडून खाल्ले, रेल्वेच्या कामावर गेलेल्या कुणाकुणाची नुसती पागोटी परत आली. सगळं बायकांच्या तोंडचं, एकेकीचं नाव घालून. त्याच मास्तरांनी छापायला मदत केली. मोठ्या शहरातल्या शहाण्यांनी मात्र त्याला इतिहास म्हणायचं नाकारलं. कागदाचा आधार नाही, नुसत्या रडणाऱ्या बायका. तू काय केलंस? पुढचं बोलावणं आलं तशी उठून गेलीस. मरेपर्यंत तेच करत राहिलीस.

मला अभिमान वाटला का? वाटला. त्या दिवशी मुरुगनच्या शिव्यासुद्धा गोड लागल्या. त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, माय फॅमिली, वन लेडी, बिग बुक. तो म्हणाला, मग तू असा कसा निघालास? आम्ही दोघं हसलो.

पण तो अभिमान आठवडाभरही टिकला नाही. कारण मला आईचे हात आठवले.

वडील गेले तेव्हा मला विमान दुसऱ्या दिवशीचं मिळालं. शेवटचं बघायला मिळावं म्हणून चुलतभावानं व्हिडिओ कॉल लावला. मी जुरोंगला एका छतावर, उन्हात, फोन दोन्ही हातांत धरून. दर्शन झालं. भाऊ कॉल बंद करायचा विसरला आणि फोन तसाच खिडकीत ठेवून गेला. मग मला ते दिसलं. चार बायकांनी आईला भिंतीशी बसवलं, तिचे हात जोत्यावर धरले आणि एकीनं दगड घेतला. काच मनगटात गेली. आई ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, "हळू गं. ह्या हातानं धंदा करायचा हाय मला."

धंदाही गेला, हे तिला त्या वेळी कुणी सांगितलं नाही. ते तिला नंतर गिऱ्हाइकांनी सांगितलं, दुकानावरून मान वळवून जात जात. आता दुकानात नंदा बसते. आई मागच्या खोलीत डझन बांधते, काच निवडते, रंगवार लावून ठेवते. म्हणजे मालाला तिचा हात चालतो. नवरीच्या मनगटाला चालत नाही.

आणि तू हेच करायचीस ना आत्याबाई? दुसऱ्यांच्या घरात जाऊन? सांग की.

मी आईला फोनवर सगळं सांगितलं. तुझं पुस्तक, तुझा कोपरा, तुझी बोलावणी. मला वाटलं तिलाही राग येईल. ती म्हणाली, "ठाऊक हाय मला. पर ती फोडायची न्हाई, उतरवायची. हाताला तेल लावायची, अंगठ्याखाली दाबायची, एकेक सबंध काढायची. घरात नाव काढत नव्हते तिचं, पण आमी कासारणी आपसात बोलायचो. माझ्या टायमाला आत्याबाई असती तर रगत आलं नसतं."

मी म्हणालो, रक्त न काढता हात रिकामे केले, त्याचे उपकार मानायचे का?

आई म्हणाली, "तू बाप्या. तुला काय कळणार? दगड घेतल्याली बाय आणि तेल घेतल्याली बाय एक नसती."

असेल. पण मला ते पटत नाही, अजून पटलेलं नाही. तुझे हात मऊ होते म्हणून ती रीत लोकांना सोपी गेली नसेल का? तू नसतीस तर एखादी पोर ओरडली असती, एखाद्या बापाला ऐकवलं नसतं, एखाद्या घरी तरी राहू दे म्हणाले असते. तू आलीस, हळूच काढून घेतलंस, वर तिची हकीकतही घेऊन गेलीस!

मी मेधाताईंना विचारलं, पुस्तकात कुठं असं लिहिलंय का, की हे होऊ नये? एक ओळ तरी? त्यांनी परत सगळं चाळलं. नाही. आणि तुझं स्वतःचं? नवऱ्याचं तोंड तुला आठवत होतं का, तुझ्या बांगड्या कुणी काढल्या, त्या दिवशी तू काय खेळत होतीस? तेही नाही. सगळ्या पेठेची हकीकत लिहिलीस, तुझी कुठं गेली?

मेधाताईंनी तुझी बाजू घेतली. म्हणाल्या, तसं लिहिलं असतं तर बोलावणी बंद झाली असती, मग त्या बायकांचं एक अक्षर आपल्यापर्यंत आलं नसतं. बरोबर आहे त्यांचं. पण मग तू त्या दाराच्या आत जायला मिळावं म्हणून गप्प बसलीस, आणि ते दार माझ्या आईपर्यंत तसंच येऊन पोचलं. याचं तू काय उत्तर देणार?

आता मागच्या रविवारचं ऐक.

इथल्या मराठी बायका संक्रांतीला एकत्र जमतात. मेधाताईंनी ठरवलं, यंदा नुसतं वाण वाटायचं नाही, तुझ्यावर कार्यक्रम करायचा. त्या बोलणार, आणि मग माझी आई व्हिडिओवर येणार. चुडा कसा भरतात ते दाखवणार, आणि कासारणी तुझ्याबद्दल आपसात काय बोलायच्या ते सांगणार. मी आईला विचारलं तर तिचा आवाजच बदलला. वडील गेल्यावर बांगडीच्या कामासाठी तिला पहिल्यांदा कुणी बोलावलं होतं, आणि ते पण सिंगापूरहून!

कार्यक्रम हळदीकुंकवाचा आहे आणि बाई विधवा आहे, हे ना मेधाताईंच्या डोक्यात आलं ना माझ्या. त्यांच्या पुस्तकातली बाई विधवा हे त्यांना तोंडपाठ. माझी आई विधवा हे मला तोंडपाठ. तरी नाही आलं.

त्या दिवशी आईनं नंदाला उठवून दुकान ताब्यात घेतलं. गादी झटकली, हिरव्या काचेचे डझन मांडले. दाखवायला कुणाचा तरी हात हवा होता. शेजारच्या पोरींनी कामं पुढं केली. नंदाचं डोकं दुखायला लागलं. शेवटी आईनं घरातलं लाटणं आणलं आणि मांडीवर उभं धरलं. "ही माझी नवरी," म्हणाली. "हिला बोलवायला नगं, हिचा नवरा मरायला नगं."

कॉन्डोच्या तळाशी, स्विमिंग पूलला लागून हॉल आहे. बायका काळ्या चंद्रकळा नेसून आलेल्या, पोरं तिळगुळाची मारामारी करतायत. मी वायर जोडायला आणि पडदा लावायला. पडद्यावर तुझा फोटो. तुझा फोटो कुठून असणार? कॉम्प्युटरकडून काढून घेतलेलं चित्र. नाकात नथ, हात कोपरापर्यंत हिरवेगार, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

आवाज येतो का बघायला मी आईला कॉल लावला आणि फोन पडद्याकडे धरला. आई म्हणाली, ही कोण? म्हटलं आत्याबाई. तिनं पदर तोंडाला लावला आणि हसत सुटली. "बरं केलं की. मेल्यावर का हुईना, कुणीतरी नटवली बाईला."

मेधाताईंचं तोंड उतरलं. त्यांनी कॉम्प्युटरला जुन्या काळची मराठी बाई काढ म्हणून सांगितलं होतं, त्यानं काढली. इतके दिवस तुला वाचून त्यांच्या नजरेतून ते सुटलं. त्या म्हणाल्या, काढून टाकते. मैत्रिणी म्हणाल्या, राहू दे गं, आजच्या दिवशी छान दिसतंय.

मग मी आईचा चेहरा मोठ्या पडद्यावर लावला. मागच्या खुर्चीत मेधाताईंच्या सासूबाई होत्या, पुण्याहून महिनाभर आलेल्या. गोड बाई, मला आल्याआल्या चहा विचारला होता. त्यांनी पडद्याकडे बघितलं, आईच्या कपाळाकडे बघितलं, आणि सुनेला बाजूला बोलावलं. मी वायरीपाशीच होतो.

"आधी हळदीकुंकू होऊ दे," त्या म्हणाल्या. "मग लावा त्यांचा फोन. त्यांनाच अवघडल्यासारखं होईल गं, नुसतं बघत बसायचं म्हणजे."

"अहो आई, कार्यक्रमच विधवा बाईवर आहे."

"मग करा ना. मी कुठं नको म्हणतेय?"

मेधाताई माझ्याकडे आल्या. मी म्हणालो, ताई, आई दुकान मांडून बसलीय. त्या म्हणाल्या, "थोडाच वेळ, सागर. प्लीज." आणि त्यांनी स्वतः पडदा बंद केला.

मी फोन घेऊन बाहेर पूलशी उभा राहिलो. काचेतून सगळं दिसत होतं. एकीनं दुसरीला कुंकू लावायचं, दुसरीनं तिसरीला, वाण म्हणून रंगीत डबे. आई फोनमध्ये लाटणं धरून बसलेली. मधूनमधून विचारायची, झालं का रे त्यांचं? मी म्हणायचो, होतंय.

मग मेधाताई तुझ्यावर बोलल्या, माइकचा आवाज बाहेर येत होता. खोटं कशाला बोलू, फार चांगलं बोलल्या. तो कोपरा, ती नवी विधवा, तिच्याजवळ बसलेली तू. काचेमागं मला एक बाई डोळे पुसताना दिसली. टाळ्या झाल्या. आणि टाळ्या संपेपर्यंत वॉचमन अंकल दारात. मेधाताईंची मुलगी पळत आली, "ममा, अंकल सेज टाइम अप लाह. नेक्स्ट पार्टी इज हिअर." बाहेर कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे घेऊन माणसं थांबली होती. खुर्च्या हलल्या, डबे उचलले गेले.

आईचा फोन पडद्यावर लागलाच नाही.

तिला मी सांगितलं. काय सांगणार, जे होतं ते. ती म्हणाली, "हळदीकुकू हाय व्हय? मग आधी बोलायचं न्हाई का, आरं? मी बसलेच नसते ताटकळत." रडली नाही. लाटण्यावरच्या बांगड्या तिनं एकेक करून काढल्या, त्याचा आवाज मला येत होता. जाताजाता म्हणाली, "लाटण्याचा हात लई कडक असतो बाबा." आणि फोन ठेवला.

मेधाताईंचा मेसेज आलाय. खूप वाईट वाटलं, आपण आईंचं निवांत वेगळं रेकॉर्डिंग करू. मी उत्तर दिलं नाही. त्या वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. एसीचा स्क्रू ढिला ठेवून आलो असतो आणि विसरलो असतो. पण त्यांनीच मला तू दिलीस. चांगल्या माणसांनी दार इतक्या हळू लावलं की आवाजसुद्धा आला नाही. तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. हळू कसं करायचं, ते.

तुझ्यासाठी डोळे पुसायला काय लागतं आत्याबाई? तू मेलीस, तुझा हात कुणाला लागत नाही. माझी आई जिवंत आहे हीच तिची अडचण.

आणि आज सकाळी काकांचा फोन.

तो झाल्यावर मी रेश्माला फोन केला. माझं तिच्याशीच ठरलंय. तीही कासाराचीच, तालुक्याला औषधाच्या दुकानात काम करते. मी रागात होतो, भडाभडा बोललो, काकांना असं सांगतो, तसं सांगतो. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या आई काय म्हणाल्या? काकांना काय म्हणाल्या ते नको. तुम्हाला काय म्हणाल्या?"

मी विचारलंच नव्हतं. मग आईला लावला.

आई बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. मंडप कुणाचा, भांडी कुणाची. मी म्हणालो, आई, चुडा. ती म्हणाली, "नगं बाबा. उद्या पोरीला साधा ताप आला तरी माझ्या हातावर यील. तुला काय झालं तर? तू तिकडं छतावर चढतोस. मला भरायचा हाय रे, लई हाय. पर भ्या वाटतंय मला."

आत्याबाई, हे मात्र मला नवीन होतं. मला वाटत होतं काका आडवे येतायत, पेठ आडवी येतेय. आईच्या आत ते एवढं खोल जाऊन बसलंय हे मला कुठं ठाऊक? तिला वाटतं तिचा हात लागला की मी छतावरून पडेन. तुलाही असं वाटायचं का? भावाच्या पोरीचं लग्न असलं की तू आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसायचीस का? हे तरी लिहायचं होतंस. कुणी नाही तर माझ्या आईनं ते वाचलं असतं, आणि तिला कळलं असतं की ही भीती तिच्याआधीही कुणाला तरी वाटली होती.

मी रेश्माला सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला तिनं गोळ्या दिल्या, कधी घ्यायच्या ते सांगितलं. मग म्हणाली, "तर मग मी कुणाकडूनच भरणार नाही. त्यांची भीती जाईल तेव्हा त्या भरतील. तोवर माझे हात मोकळे राहू देत. माझ्या घरच्यांचं मी बघते."

मी म्हटलं, लोक काय बोलतील माहितीये ना? नवरी रिकाम्या हातांनी?

"माहितीये. तुम्ही त्या दिवशी मान खाली घालू नका, एवढंच करा."

तर आत्याबाई, हे भांडण मिटलेलं नाही. तू मोठी होतीस हे मी मान्य करतो. तुझं पुस्तक मी रेश्माकडून पुरतं वाचून घेणार आहे, कारण त्या बायकांची नावं आपल्या घरात कुणाला तरी माहीत असली पाहिजेत. पण तू जे सोडलंस त्याला मी माफी देणार नाही. तुझ्या मऊ हातांनासुद्धा नाही.

एक शब्द मात्र देतो. पुढच्या महिन्यात मांडवात, सगळ्यांसमोर, आईला पाट मांडीन. चोरून मागच्या खोलीत नाही. रेश्मा तिच्यासमोर बसेल आणि दोन्ही हात पुढं करेल. आईनं हात धरला तर चुडा. नाही धरला तर मी आईवर ओरडणार नाही, तिला भरीला पाडणार नाही. काका उठून गेले तर त्यांच्या मागं जाणार नाही. रेश्मा मोकळ्या हातांनी माझ्या शेजारी उभी राहील, आणि मी सबंध पेठेकडे बघत उभा राहीन. आणि जे होईल ते मी लिहून काढीन. आईचं, तिच्या भीतीचं, कोण थांबलं आणि कोण गेलं त्याचं. माझंसुद्धा.

तुझ्या भावाच्या घरातला,
सागर